दोन नावांचं रक्त

अण्णांना कुणी किती वाजले ते सांगितलं, की ते लगेच दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारायचे. दोघांची घड्याळं जुळली, तर दोघांनी एकमेकांचं बघून लावली असतील असं त्यांना वाटायचं. मंडईत भाजीवालीच्या तागडीखाली हात घालून, वजन वाढवायला चिंच चिकटवलीय का ते चाचपायचे. कंडक्टरने दिलेलं तिकीट उजेडात धरून बघायचे. कुणी आपणहून चहा पाजला, तर कप रिकामा होईपर्यंत गप्प बसायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, "हां, आता काम सांग."

चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी साठच्या दशकाच्या शेवटाला लागलो, तिथे अण्णा तपासणी खात्यात होते. मशिनवरून उतरलेला माल आमच्या टेबलावर यायचा. आम्ही तो मोजायचा आणि पास करायचा किंवा रिजेक्ट. अण्णांच्या स्वभावाला इतकी जुळणारी नोकरी सगळ्या औद्योगिक पट्ट्यात दुसरी नसेल. ते पिंपळे सौदागरच्या जुन्या घराण्यातले. तेव्हा ते नदीकाठचं साधं गाव होतं, आणि अण्णा सायकलवर डबा अडकवून तिथून यायचे. अंगाने भरदार, मिशी कातरलेली, आणि एक भुवई कायम दुसरीपेक्षा वर.

ही भुवई कधी वर गेली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा त्यांचं भोसरीच्या बाजूचं वडिलोपार्जित रान गेलं. मोजणीला आलेल्या माणसाची साखळी मधे तुटून पुन्हा जोडलेली होती. जोडताना जादा कड्या घातल्या असाव्यात, म्हणजे रान कमी भरेल, असा अण्णांना संशय आला. त्यांनी दुसरी साखळी मागितली. मोजणीदार हसला आणि म्हणाला, शेतकऱ्याला साखळीतलं काय कळतं? "त्या दिसापासनं," अण्णा म्हणाले, "आपण कुणाच्या मापावर इस्वास ठेवला न्हाई. कळू दे न्हाईतर न कळू दे."

मी बीडकडचा. कासारवाडीत खोली शोधत होतो, तेव्हा माझं वाघमारे हे आडनाव ऐकलं की घरमालकांना नेमका कुणी तरी पाहुणा आठवायचा आणि खोली रिकामी नाही असं निघायचं. कारखान्यातही काही जण माझ्याशी जपून बोलायचे. अण्णांनी पहिल्याच दिवशी माझा मायक्रोमीटर काढून घेतला, स्वतःच्या मायक्रोमीटरशी ताडून पाहिला आणि सांगितलं, "हा खोटं बोलतोय. बदलून आण." माझ्या जातीवर त्यांनी कधी संशय घेतला नाही. माझ्या हत्यारावर घेतला. त्या दिवसांत मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

सत्तर सालानंतरच्या कुठल्याशा वर्षी अण्णांना साखरेचा आजार निघाला. तहान वाढली होती, सारखं लघवीला जावं लागायचं, वजन उतरत होतं. त्यांनी बरेच महिने ते कुणाला सांगितलं नाही. कारण होतं पेंट शॉपमधल्या पाटोळ्यांचं. पाटोळ्यांना दवाखान्यात ब्लड प्रेशर निघालं आणि महिन्याभरात त्यांना गेटवर बसवलं. ओव्हरटाइम गेला, मान गेला, आणि माणूस खुर्चीत बसून वाळत गेला. दवाखाना कंपनीचा, डॉक्टर कंपनीचा, म्हणजे आजारही कंपनीच्याच कामाला येणार, असा अण्णांचा हिशेब. तो अगदीच खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

शेवटी वार्षिक तपासणीत ते पकडले गेले. साखर होतीच, वर ब्लड प्रेशरही निघालं. डॉक्टर तेव्हा तरुण होते, रत्नागिरीकडचे, बारीक आवाजाचे. जेवायला साहेबांच्या कँटीनमध्ये जायचे, एवढ्यावरून अण्णांनी त्यांना कायमचं संशयितांच्या यादीत घातलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला जाऊन रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून या. हा शब्द आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकला. रक्तात एक प्रकारची चरबी असते, ती जास्त झाली की हृदयाच्या नळ्यांत साचते, आणि साखर नि प्रेशर असलेल्या माणसाला तिचा धोका जास्त, असं त्यांनी समजावलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "प्रयोगशाळा त्यानंच सांगितली, बघितलं का? म्हंजी आकडा पण त्यालाच पाहिजे तसा येणार."

मग त्यांनी बेत केला. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रयोगशाळेत स्वतःच्या नावाने रक्त द्यायचं, आणि त्याच सकाळी, त्याच उपाशीपोटी, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत दुसऱ्याच नावाने द्यायचं. मी विचारलं, नाव कशाला बदलायचं? ते म्हणाले, पेठेतल्या लोकांची एकमेकांत उठबस असते, एकाने दुसऱ्याला विचारून आकडा लिहिला तर? दुसरं नाव माझं ठरलं. मला सोबत यावं लागलं, नावाचा मालक म्हणून.

सुट्टीच्या दिवशी आम्ही रेल्वेने पुण्याला गेलो. पहिल्या ठिकाणी सगळं नीट झालं. बाकावर बसवलं, रक्त काढल्यावर अण्णांना जरा गरगरलं तर तिथल्या माणसाने काचेच्या पेल्यात पाणी आणून दिलं, "बसा जरा, पाटील" म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी आम्ही चालत गेलो. तिथल्या कारकुनाने नाव विचारलं. अण्णांनी माझं नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. कारकुनाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाकावर जागा होती, तरी त्याने त्यांना बाहेर पायरीवर थांबायला सांगितलं. रक्त काढून झाल्यावर अण्णांनी पाणी मागितलं. कारकुनाने पेल्यांकडे पाहिलं, मग हाताने अंगणातला नळ दाखवला.

अण्णांनी नळाखाली ओंजळ धरली. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. परतीच्या गाडीत मी पिशवीतली भाकरी काढून त्यांना दिली. खडकी जाईपर्यंत ते ती हातात घेऊन बसले. मग हळूच म्हणाले, "तुला रोज असंच व्हतं का रं?"

मी म्हटलं, रोज नाही. पण केव्हा होईल ते सांगता येत नाही.

"म्हंजी जास्तच वाईट," ते म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्यानंतर ते कधी या गोष्टीवर बोलले नाहीत. पण पुढच्या सणाला त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, शांताला, पिंपळे सौदागरला जेवायला बोलावलं आणि आपल्या भावकीच्या पंगतीत स्वतःच्या शेजारी बसवलं. भावकीतले दोघे उठून गेले. अण्णांनी त्यांच्या पानांतल्या पुरणपोळ्या उचलून माझ्या पानात वाढल्या.

निकाल आठवड्याभराने आले. दोन कागद, एकाच माणसाचं एकाच सकाळचं रक्त, आणि आकडे वेगळे. एक तीनशेच्या थोडा अलीकडे, दुसरा तीनशेच्या बराच पलीकडे. अण्णांना इतका आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. दोन्ही कागद घेऊन ते दवाखान्यात शिरले, मला साक्षीला घेऊन. डॉक्टरांच्या टेबलावर ते शेजारी शेजारी ठेवले, सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाले, "तुमचं मापच खोटं हाय."

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते कागदांवर वाकले. माझं नाव लिहिलेला कागद बघून माझ्याकडे पाहिलं, पण हसले नाहीत. ते म्हणाले, अण्णांचा संशय रास्त आहे. ही तपासणी नाजूक असते. रसायन वेगळं, हात वेगळा, तर आकडा इकडचा तिकडे होतो. ते स्वतःसुद्धा एका आकड्यावर विसंबत नाहीत. अण्णांची भुवई आणखी वर चढली, कारण विरोधकाने इतक्या लवकर मान्य करणं हेही संशयास्पदच.

मग डॉक्टरांनी विचारलं, "पण अण्णा, हद्द अडीचशेची धरतात. यातला कुठला आकडा हद्दीच्या आत आहे?"



"तुमच्या टेबलावर असा जॉब आला, दोन गेजनी दोन मापं दाखवली आणि दोन्ही हद्दीबाहेर, तर तुम्ही काय करता?"

अण्णांनी कागदांकडे पाहिलं.  "रिजेक्ट," ते म्हणाले.

मग डॉक्टर नीट बोलले. साखर, प्रेशर आणि ही चरबी, एकेकटी असती तर गोष्ट वेगळी होती. तिन्ही एकत्र आल्यावर हृदयावरचा भार नुसता बेरजेने वाढत नाही. आणि आणखी एक. साखरेच्या रोग्याला हार्ट अटॅक आला तर छातीत कळ येईलच असं नाही. साखरेने नसा बोथट झालेल्या असतात. नुसता घाम येईल, दम लागेल, गळाल्यासारखं वाटेल, आणि माणूस म्हणेल पित्त झालं. अण्णांनी विचारलं, हे सगळं वर कळवणार का? डॉक्टर म्हणाले, काम झेपतंय तोवर नाही. अण्णांनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या घेऊन ते तळेगाव दाभाड्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याच गोळ्या बरोबर आहेत असं त्यांच्याकडून ऐकल्यावरच पहिली गोळी घेतली.

घरी पथ्य सुरू झालं. ते सगळं वहिनींच्या अंगावर पडलं. वहिनी म्हणजे अण्णांची बायको, ठेंगणी, सावळी, सतत कामात. दारची म्हैस, घरचं तूप, आणि डॉक्टर म्हणतात तूप बंद. अण्णांचं म्हणणं, हा वनस्पती तूप विकणाऱ्यांचा डाव. डॉक्टरांनी करडईचं तेल वापरा म्हटलं, तर डॉक्टरांच्या सासऱ्याचा तेलाचा घाणा असणार. शेवटी मी माझ्या गावाकडून करडईचं तेल आणून दिलं. ते चाललं, कारण माझ्या सासऱ्याचा घाणा नाही हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी अंगणात चूल पेटवून ते परीक्षानळीत निळं औषध आणि लघवीचे थेंब घालून तापवायचे. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं, पिवळं, विटेसारखं लाल होत गेलं तर तेवढी जास्त. रंग बघायला ते वहिनींना हाक मारायचे, मी गेलेलो असलो तर मलाही, आणि शेजारच्या घरातल्या माणसालासुद्धा कुंपणावरून विचारायचे.

वहिनी हे सगळं हसून घ्यायच्या. एकदा मी तिथे असताना अण्णा भाकरी हातात तोलून बघत होते, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आहे ना म्हणून. वहिनी म्हणाल्या, "ह्या घरात तुमचा इस्वास हाय तरी कुणावर?"

अण्णांनी भाकरी ताटात ठेवली. "तुज्यावर नसता, तर म्या जेवलो असतो व्हय इतकी वर्सं?"

त्यांच्या तोंडून प्रेमाचा शब्द म्हणून मी ऐकलेला तो एवढाच.

काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, पहिल्या शिफ्टला अण्णा टेबलापाशी उभे होते. मी हात धुऊन आलो तर त्यांच्या कपाळावर घाम. शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, अण्णा, पित्त झालं असेल, लिंबूपाणी आणतो. त्यांनी मला थांबवलं. छातीवर हात ठेवला, दाबून पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, जशी एखादी वस्तू तपासावी तशी.

"दुखत न्हाई," ते म्हणाले. "आजिबात दुखत न्हाई. वाघमारे, मला संशय येतोय."

स्वतःच्या पायांनी जाऊ लागले, मी जबरदस्तीने हातगाडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तिथूनच कंपनीची गाडी पुण्याच्या इस्पितळात पाठवली. अटॅक होता. चांगलाच होता. अण्णा वाचले. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, असे रोगी घरी जाऊन झोपतात आणि उठत नाहीत. आमचे डॉक्टर भेटायला गेले तेव्हा अण्णांनी त्यांचा हात हातात घेतला. सोडला नाही बराच वेळ. ते साहेबांच्या कँटीनमध्ये जेवतात याबद्दल त्यानंतर अण्णा काही बोलले नाहीत, पण मला वाटतं, विसरलेही नाहीत.

त्यांना हलकं काम मिळालं. गेट नव्हे, आमच्याच खात्यात, बसून हत्यारं तपासायचं. डॉक्टरांनी त्यासाठी वर भांडण केलं असं म्हणतात. वहिनी तर जणू पहाऱ्यावरच बसल्या. अण्णांची गोळी चुकली असं झालं नाही. डबा वेळेवर, चालणं वेळेवर. रस्त्याने चालताना त्या त्यांच्या मागे काही अंतरावर राहायच्या, पाय ओढत. म्हशीचं आणि शेताचं काम उरकून यायच्या म्हणून दमत असतील, असं आम्हां सगळ्यांना वाटायचं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. एका दुपारी कारखान्यात निरोप आला. वहिनी गोठ्यात शेण काढता काढता बसल्या आणि तिथेच गेल्या. सकाळी त्यांनी जावेला सांगितलं होतं की पाठीत भरून आलंय आणि जबडा जड वाटतोय, पण अण्णांचा डबा झाल्यावर बघू. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. मग एकेक गोष्ट बाहेर आली. पायाच्या बोटाची जखम पावसाळ्यापासून भरत नव्हती. रात्री उठून पाणी प्यायच्या. चढावर थांबायच्या. त्या घरात रोज सकाळी परीक्षानळी तापत होती, आणि त्या बाईचं कधी कुणी काही मोजलं नव्हतं.

दहाव्याला मी गेलो. घाटावर माणसं पांगल्यावर अण्णा पायरीवर बसून होते. भुवई खाली आलेली. मी शेजारी बसलो. 

"सगळ्या दुनियेवर संशय घेतला, वाघमारे," ते म्हणाले. "तिला विचारलं की ती म्हणायची, मी बरी हाय. ते एवढं खरं मानलं."

 

पुढच्या महिन्यात ते कासारवाडीला आमच्या खोलीवर आले. असे ते कधी न सांगता येत नसत. मला वाटलं माझ्याकडे काही काम असेल. त्यांनी मला ओलांडून शांताकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरी, तुजं ब्लड प्रेशर कधी बघितलं हाय?"

शांता हसली. तिला काय झालंय, ती ठणठणीत आहे, आणि दवाखान्यात जायला वेळ कुणाला आहे, असं म्हणाली. अण्णा खाटेवर बसले. तिने चहा ठेवला, तो तसाच राहिला. तिने गहू निवडायला घेतले, ते बसून राहिले. तिला शेवटी अवघडल्यासारखं झालं. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि चपला घातल्या. तेव्हा ते उठले आणि तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत गेले, मी मागे. तिचं प्रेशर चांगलंच वाढलेलं निघालं. तिला कसलाच त्रास नव्हता. डोकं कधी दुखायचं, ते उन्हाने दुखतं असं ती धरून चालली होती.

त्यानंतर अण्णांचा तोच उद्योग झाला. सुट्टीच्या दिवशी ते कामगारांच्या चाळींतून फिरायचे, कुणाच्याही दारात उभे राहायचे आणि घरधन्याला सोडून बाईची चौकशी करायचे. काही ठिकाणी हाकलले गेले. एका नवऱ्याने गैरसमज करून घेऊन त्यांची कॉलर धरली. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दारात गेले, या वेळी त्याच्या आईला सोबत घेऊन. कामगारांच्या कुटुंबांसाठी दवाखाना उघडा असायचा त्या दिवशी बायकांची रांग लागू लागली, तेव्हा डॉक्टर एकदा त्यांना म्हणाले, अण्णा, आता कुणावर संशय आहे?

"बरी हाय म्हणणाऱ्या बाईवर," अण्णा म्हणाले.

ते गेले तेव्हा मी गावाकडे होतो. दुसरा अटॅक झोपेत आला. निरोप मिळून मी पिंपळे सौदागरला पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आमच्या खात्यातली माणसं अंगणात एका बाजूला बसली होती, थोडीच. बाकी ओटी, पडवी, गोठ्याच्या समोरची मोकळी जागा बायकांनी भरली होती. पिंपरीच्या, चिंचवडच्या, कासारवाडीच्या चाळींतल्या. त्यातल्या बऱ्याच जणी एकमेकींनाही ओळखत नव्हत्या. शांता माझ्या आधीच येऊन त्यांच्यात बसली होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईचा हात तिच्या हातात होता.